एक म्हणजे एक जोड

मित्रांनो, सगळ्यात आधी एक गैरसमज दूर करतो. मी घड्याळ नाही. लोक माझ्या कुशीतली चावी बघतात, माझी टकटक ऐकतात आणि खुशाल विचारतात, "किती वाजले?" मला काय ठाऊक किती वाजले! माझ्या अंगावर ना तबकडी, ना काटे. मी एक जुना मेट्रोनोम आहे, वाजवणाऱ्यांना ठेका धरून देणारा. वीतभर उंचीचा, वर निमुळता होत गेलेला लाकडी मनोरा, आणि त्याच्या पुढ्यात डावी-उजवीकडे झुलणारी पोलादी दांडी. दांडी एका बाजूला गेली की टक, दुसऱ्या बाजूला गेली की टक. एवढंच माझं काम. घड्याळ वेळ सांगतं, मी वेग सांगतो. ज्याला हा फरक कळत नाही त्याच्याशी मी एरवी बोलत नाही. पण तुमची गोष्ट वेगळी. तुम्ही ऐकायला बसला आहात, म्हणून सांगतो.

माझा जन्म एका घड्याळजीच्या खोलीत झाला. अंग सुतारानं करून दिलं, आत स्प्रिंग आणि दातेरी चाकं घड्याळजीनं बसवली आणि पट्टीवरचे आकडे त्याच्या बायकोनं बारीक कुंचल्यानं रंगवले. सगळ्यात वर चाळीस, सगळ्यात खाली दोनशे आठ. हे आकडे म्हणजे मी मिनिटाला किती वेळा टक म्हणायचं त्याचा हिशेब. दांडीवर एक सरकतं वजन आहे. ते वर नेलं की मी सावकाश झुलतो, खाली आणलं की भराभर. पहिल्यांदा बघणाऱ्याला हे उलटंच वाटतं. वाटू दे बापडं.

मी तयार झालो तेव्हा घड्याळजीनं माझं वजन साठावर ठेवलं आणि शेजारी त्याचं भिंतीवरचं सगळ्यात विश्वासाचं घड्याळ आणून मांडलं. साठ टक म्हणजे एक मिनिट, म्हणजे सेकंदाला एक. आम्ही दोघं टक म्हणालो. पुन्हा म्हणालो. बराच वेळ म्हणत राहिलो. कुणी पुढे नाही, कुणी मागे नाही. "हं," घड्याळजी म्हणाला. ती माणसं फार बोलत नाहीत. ते 'हं' मी अजून जपून ठेवलं आहे.

तिथून मी गेलो संगीताच्या बाईंकडे. दुसऱ्या मजल्यावरची लांबट खोली, भिंतीला टेकलेला पियानो, एक पाय आखूड असलेली खुर्ची आणि त्या पायाखाली घडी घालून सारलेला पुठ्ठा. पियानोवर माझी जागा. बाईंचा माझ्यावर फार जीव होता. रोज सकाळी फडक्यानं पुसायच्या, चावी द्यायच्या आणि नव्या मुलाला माझी ओळख करून द्यायच्या, "ह्या खोलीत तोंडदेखलं न बोलणारा हा एकटाच. मीसुद्धा कधीकधी बोलते, हा नाही."

मुलांचं माझ्याबद्दल मत काय होतं ते विचारू नका. कुणी मला 'टकटक्या' म्हणायचं, कुणी जीभ काढून दाखवायचं. एका पठ्ठ्यानं तर माझ्या दांडीला स्वतःचा मोजा गुंडाळला होता. मला राग यायचा, पण मी वेग कधी सोडला नाही. माणसानं चिडावं, पण चिडून घाई करू नये.

घाईवरून आठवलं. बाईंकडे एक मुलगी यायची, तिचं नावच बाईंनी 'घाई' ठेवलं होतं. सुरुवात माझ्याबरोबर करायची आणि चौथ्या ओळीपर्यंत माझ्या पुढे निघून गेलेली असायची. गाणं संपवून, हात मांडीवर ठेवून, मी शेवटपर्यंत पोचायची वाट बघत बसायची. एकदा तर माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "बाई, हा मागे पडतोय." मी! मागे! बाई इतक्या हसल्या की त्यांना चष्मा काढून डोळे पुसावे लागले. मी मात्र त्या दिवसापासून तिच्याशी मनातल्या मनात अबोला धरला होता.

पुढे बाईंची बोटं दुखायला लागली. शिकवणी बंद करून बहिणीकडे राहायला जायचं ठरलं तेव्हा पियानो एका शाळेला गेला, खुर्ची खालच्या बिऱ्हाडात गेली. मला कुणाला द्यायचं? किती मुलांनी त्या खोलीत छान वाजवलं होतं. बाईंनी मला दिलं घाईला. "घे. तुलाच ह्याची सगळ्यात जास्त गरज आहे," असं म्हणाल्या आणि मला शेवटची चावी दिली. घाई मला छातीशी धरून रडत रडत घरी आली. तेव्हा माझा अबोला संपला.

आता घाईच्या घराबद्दल सांगायला हवं, कारण माझी खरी गोष्ट तिथलीच आहे. घाईच्या बाबांचं बुटांचं दुकान होतं, गल्लीच्या टोकाला, तीन पायऱ्या चढून. आई सकाळी घर बघायच्या आणि दुपारी दुकानात बसायच्या. बाबा म्हणजे नुसतं ऐकून बूट ओळखणारा माणूस. गिऱ्हाइकाच्या पायात बूट घालायचे, "चार पावलं चालून दाखवा," म्हणायचं आणि स्वतः डोळे मिटून ऐकत राहायचं. "डावा चावतोय तुम्हाला," ते सांगायचे, आणि गिऱ्हाईक तोंडात बोट घालायचं. घरातसुद्धा सगळी भाषा दुकानाचीच. घाईच्या आत्याला जुळं झालं तेव्हा बाबा आनंदानं ओरडले होते, "एक जोड आला!"

मोठी झाल्यावर घाईनं रेडिओ केंद्रात ध्वनी सांभाळायची नोकरी धरली. आणि मी? मी गेलो कपाटावर. माझ्या अंगावर तारांची वेटोळी, तारांवर धूळ. काही वर्षं तर मी आडवा पडून वह्यांची चळत घसरू नये म्हणून टेकू देत होतो. चावी कुणी दिली नाही. पण कान उघडे होते, त्यामुळे मी बरंच शिकलो. घाई फोनवर सारखी हर्ट्झ, किलोहर्ट्झ, मेगाहर्ट्झ असं बोलायची. एखादी गोष्ट सेकंदाला जितक्या वेळा होते तितके हर्ट्झ. हजार हर्ट्झचा एक किलोहर्ट्झ, हजार किलोहर्ट्झचा एक मेगाहर्ट्झ. मी कपाटावर पडल्या पडल्या स्वतःचा हिशेब केला. माझे आकडे मिनिटाचे, हर्ट्झ सेकंदाचा, म्हणजे साठानं भागायचं. मी जीव तोडून धावलो तर मिनिटाला दोनशे आठ. भागिले साठ. साडेतीनसुद्धा भरेना! आणि ही बया दिवसभर लाखांच्या गोष्टी करणार. मित्रांनो, खरं सांगतो, त्या दिवशी मला फार लहान वाटलं.

मग एके दिवशी बाबा आजारी पडले. अर्धांगाचा झटका. हलका होता, असं डॉक्टर म्हणाले. ज्याला येतो त्याला कुठलाच झटका हलका वाटत नसतो. बोलणं शाबूत राहिलं, हात सुधारला, पण उजवा पाय जमिनीवरून घासत यायला लागला. दवाखान्यात व्यायाम शिकवणाऱ्या ताई होत्या, त्यांनी बाबांना एका लांब गालिच्यावर चालवलं. तो गालिचा साधा नव्हता. खालून यंत्र चालणं मोजत होतं. बाबा तिथे बरे चालले, आणि घरी सोडलं.

घरी आल्यावर ताईंचा फोन आला. "बाबांना ठोक्यावर चालवा," त्या म्हणाल्या. "ठोका ऐकू आला की पाय आपोआप वेळेवर उचलला जातो. दवाखान्यात त्यांचा वेग पॉइंट सात हर्ट्झ आला होता. त्याच वेगाचा ठोका लावा. काही आहे का घरी ठोका द्यायला?"

घाईची नजर वर कपाटाकडे गेली.

तिनं तारा बाजूला केल्या, मला खाली उतरवलं, धूळ झटकली, शिंकली आणि चावी दिली. स्प्रिंग कुरकुरली, पण मी झुललो. इतक्या वर्षांनी माझा स्वतःचाच आवाज ऐकून मला भरून आलं.

"पॉइंट सात हर्ट्झ म्हणजे ह्याच्यावर किती गं?" आईंनी विचारलं.

"अगं, हर्ट्झ तर माझ्या पोटापाण्याचा धंदा आहे," घाई म्हणाली. "सेकंदाला पॉइंट सात. मिनिटाचे करायचे तर साठानं गुणायचं. बेचाळीस." आणि तिनं माझं वजन पार वर, बेचाळिसावर सरकवलं.

हिशेबात काही चूक दिसते का बघा. नाही ना? मलाही दिसली नाही.

टक... आणि मग केवढा तरी वेळ... टक. बाबांनी टेबलाचा काठ सोडला आणि पहिल्या ठोक्याला डावं पाऊल टाकलं. आता उजवं टाकायचं, पण ठोकाच येईना. तोवर एका पायावर ताटकळत उभं राहायचं! तुम्ही करून बघा, धडधाकट पायांनीसुद्धा तोल जातो. बाबा डुगडुगले, आईंनी दंड धरला. पुन्हा पाऊल, पुन्हा वाट बघणं, पुन्हा डुगडुगणं. खिडकीपासून दारापर्यंत जाताना त्यांच्या नाकी नऊ आले.

"दवाखान्यात तर छान चालला होतात," आई म्हणाल्या.

"घरी आल्यावर बिघडलं असेल," बाबा म्हणाले. पण त्यांचा चेहरा उतरला होता.

रोज सकाळी हे असंच चालायचं. बाबांनी मनाशी एक ठरवून टाकलं होतं, खुर्चीत बसवून दुकानात न्यायचं नाही. जाईन तर माझ्या पायांनी, त्या तीन पायऱ्या चढून जाईन. तोवर आई दिवसभर एकट्या दुकान ओढत होत्या. शेजारी चष्मेवाल्यांचं दुकान. भला माणूस, पण त्यांची जागा चिमुकली. अक्षरांचा फळा एका भिंतीला आणि डोळे तपासायची खुर्ची त्या फळ्याच्या अगदी नाकाला. ते एकदा अवघडत आईंना म्हणाले, "वहिनी, बोलू नये, पण दादांना दुकान झेपणार नसेल तर जागा मला द्या. मधली भिंत पाडीन म्हणतो. शनिवारपर्यंत सांगा, नाहीतर मी दुसरीकडे बघतो."

आईंनी बाबांना सांगितलं. दुसऱ्या दिवशी बाबांनी मला दोनदा चावी द्यायला लावली आणि घामाघूम होईपर्यंत चालले. जितकं जास्त चालायचे तितके जास्त डुगडुगायचे. घाईनं ताईंना फोन लावला, "ताई, बाबांचं मागे चाललंय हो. पॉइंट सातच ना?"

"पॉइंट सातच," ताई म्हणाल्या. "धीर धरा. ठोका बदलू नका."

झालं! दोघीही खरंच बोलत होत्या, आणि मी मात्र एका भल्या माणसाला रोज सकाळी पाडायला निघालो होतो. मला ते कळत होतं का? नाही. पण वाईट वाटत होतं. माझ्या टकटकीची ज्याला त्याला कटकट व्हायची, त्याची मला सवय होती. पण माझ्याकडे बघून कुणी असं खचलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

शनिवार उजाडला. बाबा दारापर्यंतही पोचले नाहीत. वाटेतच भिंतीला टेकले, खाली बसले आणि म्हणाले, "पुरे झालं. चष्मेवाल्याला हो म्हणून टाक."

"अहो, अजून थोडे दिवस..."

"हो म्हण म्हटलं ना. माझ्यानं नाही होत."

घाई मला थांबवायचं विसरून तशीच उभी राहिली. मी टक... टक... करत होतो. आईंनी पदर डोळ्यांना लावला, फोन उचलला, आणि तेवढ्यात तो त्यांच्या हातातच वाजला. चष्मेवाले नव्हते. घाऊक मालवाल्याकडचा कुणीतरी नवा माणूस होता. आई आधीच रडवेल्या झालेल्या, आणि समोरचा काहीतरी भलतंच बोलला असावा, कारण त्या एकदम कडाडल्या.

"बारा नग? अहो, नग कुठले! बारा जोड सांगितले होते मी, जोड! सहा डावे आणि सहा उजवे म्हणजे सहाच जोड झाले, तेवढे घेऊन काय करू? लोणचं घालू? आमच्याकडे एक म्हणजे एक जोड, कळलं? लोकांना काय एकच पाय असतो का?"

एवढ्या दुःखातसुद्धा बाबांना हसू फुटलं. घाई मात्र हसली नाही. ती हळूच म्हणाली, "बाबा, एक म्हणजे काय?"

"एक म्हणजे एक जोड. ऐकलंस ना आईचं? हे काय विचारणं झालं?"

घाई माझ्यासमोर उकिडवी बसली. नाक माझ्या दांडीला लागेल इतकी जवळ. दांडी डावीकडे गेली, टक. उजवीकडे गेली, टक. घाईची मानही डावीकडे, मग उजवीकडे. मला तर वाटलं, पोरीला काहीतरी झालं.

"गेला... आणि परत आला," ती पुटपुटली. "हर्ट्झमध्ये जाऊन परत येईपर्यंत एक धरतात. मी रोज तेच करते. आणि हा एकात दोनदा टक म्हणतो! बाबा, तो गालिचा पावलं मोजत नव्हता. जोड मोजत होता!"

तिनं आईंच्या हातातला फोन जवळजवळ हिसकावला. मालवाला बिचारा वाऱ्यावर, आणि ताईंना फोन लागला. "ताई, पॉइंट सात म्हणजे एकेक पाऊल की डावं-उजवं मिळून?"

"डावं-उजवं मिळून एक," ताई म्हणाल्या. आणि मग त्यांच्याही लक्षात आलं. "अगंबाई! म्हणजे तुम्ही त्यांना निम्म्या वेगानं चालवत होतात? इतक्या सावकाश तर मलाही चालता येणार नाही! चुकलंच माझं, नीट सांगायला हवं होतं. पावलं धरली तर दुप्पट करा. आजच करा!"

मिनिटाला बेचाळीस जोड, म्हणजे चौऱ्याऐंशी पावलं. गुणाकार बरोबर होता हो, पण काय मोजतोय हे कुणी कुणाला विचारलंच नव्हतं. आणि मी तरी कुठला शहाणा? साठावर ठेवलं की मी सेकंदाला एक टक म्हणतो, म्हणून जन्मभर मला वाटत आलं की मी एक हर्ट्झचा. पण माझी दांडी निघालेल्या जागी परत यायला दोन सेकंद घेते. म्हणजे टकटक एक हर्ट्झची आणि झुलणं अर्ध्या हर्ट्झचं. दोन्ही खरं! इतकी वर्षं झुललो, आणि आपण जोडीनं झुलतो हे मला एका बूटवाल्याच्या घरात कळलं.

घाईनं माझं वजन खाली सरकवलं, चौऱ्याऐंशीवर. टक, टक, टक, टक. बाबा भिंतीला धरून उठले. "हा भलताच पळतोय," ते कुरकुरले. पण पाय त्यांचं कुरकुरणं ऐकायला थांबले नाहीत. डावं, उजवं, डावं, उजवं. उजवा पाय घासला नाही असं नाही. घासला. पण वेळेवर घासला! खिडकीपासून दारापर्यंत गेले, वळले, आणि परत आले. आईंनी हातातला पदर तोंडात धरला होता. बाबा टेबलापाशी येऊन थांबले आणि म्हणाले, "चहा टाक. आणि चष्मेवाल्याला बोलाव. त्याच्याशी मी बोलतो."

चष्मेवाले आले ते बिचकतच आले. बाबांनी त्यांना समोर बसवलं. "हे बघ, मला आठ दिवस दे. पुढच्या शनिवारी मी घरून चालत निघतो. पायऱ्या चढून शटर माझ्या हातानं उघडलं तर दुकान माझं. नाही जमलं तर तू खुशाल भिंत पाड."

"दादा, तुम्ही या," चष्मेवाले म्हणाले. "मी काही हातोडा घेऊन उभा राहणार नाही." आणि मग म्हणाले, "त्या दिवशी हे टकटकणारं कोण उचलणार? ते सपाट लागतं ना? वाकडं झालं की लंगडतं. मी घेतो. माझा हात स्थिर असतो, धंद्याची सवय."

मित्रांनो, त्या आठ दिवसांसारखे दिवस मी बाईंकडेसुद्धा पाहिले नाहीत. सकाळ-संध्याकाळ चावी! चालताना बाबा माझ्याशी बोलायचे, "चल रे टकटक्या," आणि संपल्यावर माझ्या माथ्यावर टिचकी मारायचे. कुणी टिचकी मारली तर मला खरं म्हणजे अपमान वाटतो. बाबांची चालायची.

शनिवार आला. बाबांनी दुकानातला नवा जोड घातला, कडक तळव्यांचा. "वाजला पाहिजे," म्हणाले. चष्मेवाल्यांनी बुटाचा रिकामा खोका दोन्ही तळव्यांवर आडवा धरला, त्यावर मी. काठोकाठ भरलेलं पातेलं न्यावं तसे ते बाबांच्या मागून चालायला लागले. एका बाजूला आई, एका बाजूला घाई. धरायचं नाही, अशी बाबांची ताकीद.

घर सुटलं, शिंप्याचं दुकान मागे पडलं. मी ठणठणीत टकटकत होतो. आणि सायकल दुरुस्तीवाल्यापाशी आल्यावर मला जाणवलं, स्प्रिंग सैल पडत होती! सकाळच्या गडबडीत आईंना वाटलं घाईनं चावी दिली, घाईला वाटलं बाबांनी दिली, आणि बाबा तर सराव करून करून माझी चावी पार उतरवून बसले होते. मी सगळा जीव एकवटला. टक. टक. अजून एक. दांडी अर्ध्यावरून परत आली, आणि मी थांबलो.

माझी काय अवस्था झाली ते सांगता येणार नाही. घड्याळजीचं 'हं' आठवलं, बाई आठवल्या. आयुष्यात ज्या दिवशी खरी गरज होती त्याच दिवशी मी बंद पडलो! चष्मेवाल्यांचे डोळे विस्फारले. त्यांनी घाईकडे बघितलं, घाईनं आईंकडे बघितलं. आईंनी ओठांवर बोट ठेवलं.

बाबा चालतच होते.

डावं, उजवं. कडक तळवे फरशीवर वाजत होते. मी कान देऊन ऐकलं. ह्या बाबतीत माझ्याइतका काटेकोर परीक्षक दुसरा सापडायचा नाही. पुढे नाही, मागे नाही. चौऱ्याऐंशी! मागून येणारे तिघंही श्वास रोखून त्याच ठेक्यावर चालत होते, घाईसुद्धा. तेवढं अंतर घाई न करता चालताना मी तिला पहिल्यांदाच पाहिलं.

दुकान आलं. पहिल्या पायरीवर बाबांनी कठड्याला हात लावला, डावा पाय वर, उजवा त्याच्या शेजारी. दुसरी पायरी. तिसरी. वाकून कुलूप काढलं आणि शटरला हात घातला. ते खडखडत वर गेलं तेव्हा चष्मेवाल्यांच्या हातातला खोका हलला, मी कलंडता कलंडता वाचलो, आणि त्याचं मला काहीच वाटलं नाही.

बाबा आपल्या स्टुलावर बसले. घाम पुसला. मग म्हणाले, "आता बंद करा रे त्या टकटक्याला. डोकं उठवलं त्यानं वाटभर."

घाई म्हणाली, "बाबा, तो सायकलवाल्यापाशीच बंद पडलाय."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. माझी दांडी गप्प उभी होती.

"काहीतरीच काय! मी आत्तापर्यंत ऐकत होतो. मग टकटक कोण करत होतं?"

"तुमचा जोड," आई म्हणाल्या आणि रडायला लागल्या.

बाबा कितीतरी वेळ आपल्या पायांकडे बघत बसले. चष्मेवाल्यांनी मला काउंटरवर ठेवलं, सपाट आहे ना ते वाकून बघितलं आणि डोळ्यांना रुमाल लावत म्हणाले, "भिंत राहू दे, दादा. तशीही ती जाड आहे. मी बाजारात दुसरी जागा बघतो."

तेव्हापासून मी दुकानातच असतो, काउंटरवर, बुटाच्या पॉलिशशेजारी. बाबांना आता माझी गरज लागत नाही. लोकांना वाटेल, ह्याचं मला दुःख होत असेल. अजिबात नाही. ज्याला शिकवायचं तो माझ्याशिवाय चालू लागला, ह्याहून मोठं 'हं' दुसरं कुठलं? तरी बाबा रोज शटर उघडलं की आधी मला पुसतात आणि चावी देतात.

तुमच्या घरातही कपाटावर माझ्यासारखं कुणीतरी आडवं पडलं असेल. त्याला खाली उतरवा, पुसा, चावी असेल तर चावी द्या. तारांची वेटोळी घालायला दुसरी जागा मिळते. आणि मिनिटाचं सेकंदात करा की सेकंदाचं मिनिटात, साठानं गुणा की भागा, पण त्याआधी शेजारच्याला एवढं विचारा, की बाबा रे, तुझ्याकडे एक म्हणजे काय?

बाकी माझं बरं चाललं आहे. लोकांची जुनी खोड मात्र जात नाही. बूट घालून बघता बघता कुणीतरी माझ्याकडे मान वळवतंच आणि विचारतं, "किती वाजले हो ह्यात?"

बाबा मान वर न करता, फीत बांधता बांधता सांगतात, "चौऱ्याऐंशी."